कॅथरीन हेपबर्न आणि पँटची लढाई

आजच्या भागात मी तुमच्या कपाटातल्या एका अगदी साध्या वस्तूबद्दल बोलणार आहे. पँट. जीन्स म्हणा, ट्राउझर म्हणा, ऑफिसची फॉर्मल म्हणा. हे ऐकणाऱ्या मुलींपैकी कितीतरी जणींनी आत्ता तीच घातली असेल. आणि सकाळी ती चढवताना "आपण आता काहीतरी ऐतिहासिक करतोय" असं एकीच्याही मनात आलं नसेल. यायचं कारणही नाही. पण याच कपड्यासाठी एका बाईला कोर्टाने तुरुंगाची शिक्षा सुनावली होती. अमेरिकेत. तेही विसाव्या शतकात. तिच्याकडे आपण येणारच आहोत.

त्याआधी एक घोळ मिटवून टाकूया. "हेपबर्न" म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काळा ड्रेस, मोत्यांची माळ, उंच बांधलेले केस, असा तो कॅफेच्या भिंतीवरचा फोटो येतो. ती ऑड्री हेपबर्न. सुंदर बाई, मोठी स्टार, पण आजची गोष्ट तिची नाही. आजची गोष्ट दुसऱ्या हेपबर्नची आहे, कॅथरीनची. दोघींचं आडनाव एक, पण नातं काही नाही. कॅथरीन ऑड्रीपेक्षा बावीस वर्षांनी मोठी. आणि अभिनयासाठी मुख्य भूमिकेचे चार ऑस्कर मिळवणारी आजवरची एकमेव अभिनेत्री.

ऑड्रीने बायकांना काय घातलं की छान दिसतं ते दाखवलं. कॅथरीनने वेगळाच प्रश्न उभा केला. काय घालायचं हे ठरवणार कोण?

घरातूनच सुरुवात

कॅथरीनचा जन्म १२ मे १९०७चा. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात हार्टफर्ड नावाचं शहर आहे, तिथला. वडील डॉक्टर, मूत्रविकारांचे तज्ज्ञ. आणि आई? आई म्हणजे त्या काळात शेजारपाजारच्यांनी नाकं मुरडावीत अशी बाई. स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून चाललेल्या चळवळीत ती राज्य पातळीवरची पुढारी होती. पुढे संततिनियमनाच्या चळवळीतही उतरली. छोटी कॅथरीन आईबरोबर सभांना जायची, मताधिकाराच्या घोषणा लिहिलेले फुगे वाटायची. अमेरिकेत बायकांना देशभर मतदानाचा हक्क मिळाला १९२०मध्ये. तेव्हा ही पोर तेरा वर्षांची होती. म्हणजे बघा, आपल्या आईला मत देता येत नाही हे तिने स्वतः पाहिलेलं होतं. आणि भांडलं की नियम बदलतात, हेही पाहिलेलं होतं.

लहानपणी एका उन्हाळ्यात तिने केस बारीक कापून टाकले आणि मला "जिमी" म्हणा असं सांगितलं. भावांसारखं झाडावर चढायचं, पोहायचं, कुस्ती खेळायची. घरच्यांनी आकांडतांडव केलं नाही. मला वाटतं, पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली इथेच आहे. बाहेरच्या जगाने तिला "असं करायचं नसतं" म्हणून सांगायच्या आधी घराने तिला "का नाही?" असं विचारायला शिकवलं होतं.

ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजातून १९२८मध्ये ती पदवीधर झाली, नाटकात शिरली आणि १९३२मध्ये आरकेओ या स्टुडिओच्या सिनेमात आली. १९३३च्या 'मॉर्निंग ग्लोरी' सिनेमासाठी तिला पहिला ऑस्कर मिळाला. हॉलिवूडमध्ये येऊन अजून पुरती दोन वर्षंही झाली नव्हती.

पायात काय, आणि का?

आता जरा कपड्यांकडे येऊ. १९३०च्या दशकात शहरातली "नीटनेटकी" बाई घराबाहेर पडायची ती कशी? स्कर्ट किंवा ड्रेस. त्याखाली रेशमी मोजे, मांडीपर्यंतचे. ते मोजे आपोआप वर राहत नाहीत, म्हणून ते धरून ठेवायला कमरेला पट्टा आणि त्याला लटकणाऱ्या क्लिपा. पोट आवळणारा घट्ट कमरपट्टा वेगळा. मग टाचांचे बूट. आज आपण ज्याला पँटीहोज म्हणतो, ते एकसंध मोजे बाजारात यायला १९५९ उजाडलं. तोवर हा सगळा जामानिमा रोजचाच.

पँट घातली की यातलं काय काय गळून पडतं, मोजा बरं. मोजे गेले. पट्टा गेला. क्लिपा गेल्या. टाचा गेल्या, कारण सपाट बूट चालतात. वरून खिसे मिळाले! बाई खुर्चीत पाय वर घेऊन बसू शकते, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढू शकते. कॅथरीनला नेमकं हेच हवं होतं. ती आयुष्यभर टेनिस आणि गोल्फ खेळली, थंड पाण्यात पोहली. १९५२च्या 'पॅट अँड माइक' या सिनेमात ती खेळाडू झाली, त्यातला गोल्फ आणि टेनिस तिचं स्वतःचं आहे. असल्या बाईला क्लिपा सांभाळत बसणं शक्य नव्हतं.

तिची पँटही विशिष्ट होती. उंच कंबर, पुढे चुण्या, खाली रुंद मोकळे पाय. पुरुषांच्या शिंप्याने शिवावी तशी. त्या वेळी बायकांसाठी ज्या थोड्याफार पँटी निघत, त्यांची चेन बहुधा कुल्ल्याच्या बाजूला असायची, समोर नाही. कारण समोरची चेन म्हणजे पुरुषी. एवढ्याशा चेनच्या जागेवरही समाजाचा पहारा होता! त्यावर पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. थंडी असेल तर स्वेटर खांद्यावर टाकलेला. आज इन्स्टावर "ओल्ड मनी लुक" म्हणून जे चालतं ना, ते बऱ्यापैकी हेच.

ती पहिली नव्हती

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. "पँट घालणारी पहिली बाई कॅथरीन हेपबर्न" असं कुठे वाचलंत तर पुढे सरका.

१८५१च्या सुमारास अमेरिकेत अमेलिया ब्लूमर नावाच्या संपादिकेने आपल्या वृत्तपत्रातून एका पोशाखाचा पुरस्कार केला. आखूड झगा आणि खाली घोट्याशी आवळलेली सैल तुमान. लोकांनी त्याला तिचंच नाव दिलं, "ब्लूमर्स". व्यंगचित्रं निघाली, रस्त्यात पोरं मागे लागली. काही वर्षांत चळवळीतल्या बायकांनी स्वतःच तो पोशाख सोडला. कारण काय तर सभेत त्या बोलायच्या मताबद्दल, मालमत्तेच्या हक्काबद्दल, आणि चर्चा व्हायची फक्त त्यांच्या पायांची. ओळखीचं वाटतंय?

त्याच शतकात इंग्लंडमध्ये विगनच्या कोळसा खाणींवर काम करणाऱ्या बायका सरळ पँट घालून काम करत. कोळसा निवडायचा, चाळायचा, ढकलायचा, तिथे घोळदार झगा कसा चालेल? पण त्यांना कुणी "फॅशन" म्हटलं नाही. भद्र लोकांच्या लेखी ते असभ्य होतं.

मला इथे इतिहासाची एक सवय दिसते. गरीब बाईने गरजेपोटी घातलं तर ती लाज. श्रीमंत बाईने आवडीने घातलं तर ती स्टाइल. कॅथरीन सुखवस्तू घरातली, गोरी, शिकलेली होती. तिच्या वाटेला आलेली मोकळीक विगनच्या खाणवालीला कधी मिळाली नाही. हे लक्षात ठेवूनच पुढचं ऐका.

आणि आपल्यासाठी तर हे भांडण आणखीच मजेशीर आहे. पश्चिमेत मुख्य आक्षेप काय होता? बाईचे दोन पाय वेगळे दिसतात! आता आपल्याकडची नऊवारी आठवा. कासोटा घातला की दोन पाय वेगळेच. त्या नऊवारीत आपल्या पणज्यांनी शेतं लावली, डोक्यावरून पाणी वाहिलं, आणि ती नेसलेली बाई घरंदाजच मानली गेली. म्हणजे "दोन पाय वेगळे दिसणं अश्लील" हा काही निसर्गाचा नियम नाही. तो एका ठिकाणच्या, एका काळातल्या लोकांनी केलेला नियम आहे. आणि माणसांनी केलेला नियम माणसांना मोडता येतो.

स्टुडिओची दुकानदारी

आता हॉलिवूडचा फॅशनवर परिणाम व्हायचा तो कसा, हे समजून घेऊ. कारण तो आपोआप होत नव्हता, त्यामागे एक पूर्ण यंत्रणा होती.

तेव्हा नटनट्या स्टुडिओच्या करारावर असायच्या, वर्षानुवर्षं. काय सिनेमा करायचा, कुणाबरोबर फोटो काढायचा, केसांचा रंग कोणता, यात स्टुडिओचा हात. प्रत्येक मोठ्या स्टुडिओचा स्वतःचा वेशभूषा विभाग आणि स्वतःचा प्रसिद्धी विभाग. प्रसिद्धी विभाग 'फोटोप्ले'सारख्या चाहत्यांच्या मासिकांना फोटो पुरवायचा. एखादा ड्रेस गाजला की दुकानांत त्याची स्वस्त नक्कल यायची आणि घरी शिवणाऱ्यांसाठी कागदी पॅटर्न निघायचे.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९३२चं. 'लेटी लिंटन' सिनेमात जोन क्रॉफर्डने पांढरा, खांद्यावर भरपूर झालरी असलेला ड्रेस घातला. तो एड्रियन या डिझायनरचा. न्यू यॉर्कच्या मेसीज या दुकानात त्याच्या नकला विकल्या गेल्या, आणि रुंद खांद्यांची लाट अख्ख्या दशकावर पसरली. सिनेमा म्हणजे दोन तासांची जाहिरातच.

कॅथरीनची गोष्ट याच्या अगदी उलटी आहे. तिचा प्रभाव पडद्यावरच्या पोशाखातून फारसा आला नाही. पडद्यावर ती बरेचदा झगझगीत गाऊनमध्येच असायची. १९३३च्या 'ख्रिस्टोफर स्ट्राँग'मध्ये ती विमान चालवणारी बाई झाली, तरी त्यातला सगळ्यात लक्षात राहिलेला पोशाख म्हणजे पतंगाच्या आकाराचा चंदेरी चमचमता वेश. तिची पँट ही स्टुडिओच्या कपाटातली नव्हतीच. ती तिची स्वतःची होती, शूटिंग संपल्यावरची. आणि स्टुडिओला ती लपवायची होती!

हॉलिवूडमध्ये सांगितला जाणारा एक किस्सा आहे. कॅथरीन सेटवर येताना रोज डेनिमची पँट घालून यायची, ते स्टुडिओच्या लोकांना खपत नव्हतं. एकदा त्यांनी तिच्या खोलीतून पँटच गायब केली. वाटलं, आता नाइलाजाने स्कर्ट घालेल. बाईसाहेब आतल्या कपड्यांवरच स्टुडिओच्या आवारात फिरायला निघाल्या. पँट परत मिळाली.

हसू येतं, पण यातला डाव बघा. समोरच्याचं गणित होतं की बाईला लाज वाटेल आणि ती गप्प बसेल. तिने ती लाजच त्यांच्या अंगावर परत टाकली.

बर्लिनची दुसरी बाई

याच काळात हॉलिवूडमध्ये आणखी एक बाई पँट घालत होती, मार्लेन डीट्रिख. बर्लिनहून आलेली. १९३०च्या 'मोरोक्को' सिनेमात ती पुरुषांचा काळा कोट, पांढरा टाय आणि उंच टोपी घालून गाते आणि प्रेक्षकांतल्या एका बाईचं चुंबन घेते. १९३०मध्ये! १९३३मध्ये ती पुरुषी सूट घालून पॅरिसला उतरली तेव्हा पोलिसांनी ताकीद दिल्याच्या बातम्या छापून आल्या. कारण पॅरिसमध्ये खरंच तसा आदेश होता. सन १८००चा. बाईला पुरुषासारखे कपडे घालायचे असतील तर पोलिसांची परवानगी लागे. पुढे त्यात सूट मिळाली, पण कशी? हातात सायकलचं हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल तर चालेल!

डीट्रिखची पँट म्हणजे नाट्य. रात्र, रंगमंच, सिगारेटचा धूर, गूढ. लोक बघून थक्क व्हायचे, पण दुसऱ्या दिवशी भाजी आणायला तसं कोण जाणार? कॅथरीनची पँट म्हणजे दिवस. चुरगळलेली, खाकी, कधी ठिगळ लावल्यासारखी. ती बघून एखाद्या शिक्षिकेला, कारकून मुलीला वाटू शकत होतं की हे मलाही जमेल. डीट्रिखने दार धाडकन उघडलं, आणि कॅथरीन त्यातून रोज जा-ये करत राहिली. दार उघडं राहण्यासाठी दुसरं जास्त महत्त्वाचं असतं.

आणि त्याच सुमाराला, १९३५मध्ये, मुंबईत 'हंटरवाली' आला. वाडिया बंधूंना हॉलिवूडच्या मारधाडपटांचं वेड होतं, आणि त्यांच्या नादियाने मुखवटा, हाफ पँट, लांब बूट आणि हातात हंटर अशा वेशात गुंडांना लोळवलं. पब्लिकने डोक्यावर घेतलं. म्हणजे ही हवा फक्त कॅलिफोर्नियात नव्हती.

१९३८: एक वर्ष, दोन बायका

आता मुख्य भाग.

१९३५मध्ये कॅथरीनने 'सिल्व्हिया स्कार्लेट' केला. त्यात ती बराच वेळ मुलाच्या वेशात आहे, केस कापलेले, पँट घातलेली. सिनेमा साफ आपटला. त्यानंतरही अपयशाची रांग लागली. पत्रकारांशी ती तुसडेपणाने वागायची, सह्या द्यायची नाही, नटून-थटून मिरवायची नाही. १९३८मध्ये थिएटर मालकांच्या एका संघटनेने जाहिरात देऊन "तिकीटबारीवरचं विष" म्हणून काही तारेतारकांची नावं छापली. त्यात कॅथरीन हेपबर्न होती. आणि डीट्रिखही होती. पँटवाल्या दोघीही एकाच यादीत! अर्थात त्यात गार्बो आणि क्रॉफर्डही होत्या, म्हणजे कारण फक्त कपडे नव्हते. पण बाजाराने "ही बाई आम्हाला नको" असं चारचौघांत सांगितलं होतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, त्याच लॉस एंजेलिस शहरात, हेलन ह्यूलिक नावाची बालवाडी शिक्षिका कोर्टात गेली. आरोपी म्हणून नाही हं, साक्षीदार म्हणून. घरफोडीच्या प्रकरणात दोन संशयितांविरुद्ध साक्ष द्यायला. ती गेली पँट घालून. न्यायाधीश होते आर्थर ग्वेरिन. त्यांनी साक्ष बाजूला ठेवली, सुनावणी पुढे ढकलली आणि हुकूम दिला की पुढच्या वेळी ड्रेस घालून या.

हेलनने वर्तमानपत्राला सांगितलं की मी माझ्या हक्कावर ठाम राहणार. पंधरा वर्षांची असल्यापासून मी पँट घालते आणि माझ्याकडे पार्टीचा गाऊन सोडला तर ड्रेसच नाही, न्यायाधीशांना मी गाऊन घालून आलेली हवी असेन तर तसं सांगा. पुढच्या तारखेला ती परत पँट घालून आली. न्यायाधीशांनी झापलं, शेवटची ताकीद दिली. ती परत पँटमध्येच आली. कोर्टाचा अवमान केला म्हणून पाच दिवसांची कैद! तुरुंगात तिच्या अंगावर कैद्यांचा डेनिमचा ड्रेस चढवला. म्हणजे न्यायव्यवस्थेने शेवटी तिला ड्रेस घालायला लावलाच, पण त्यासाठी कोठडीचं दार बंद करावं लागलं.

तिच्या वकिलाने धावपळ करून तिला सोडवलं. लोकांनी कोर्टाकडे निषेधाची शेकडो पत्रं पाठवली. आणि वरच्या कोर्टाने अवमानाची शिक्षा रद्द केली.

या दोन गोष्टी मी शेजारी ठेवते त्याला कारण आहे. फॅशनचा इतिहास सांगताना आपण फक्त स्टारचं नाव घेतो. कॅथरीनचं नुकसान झालं ते करिअरचं, आणि त्यातून ती उठलीही. 'द फिलाडेल्फिया स्टोरी' हे नाटक तिने १९३९मध्ये ब्रॉडवेवर गाजवलं. त्याचे सिनेमाचे हक्क हॉवर्ड ह्यूजेसने तिला घेऊन दिले होते. मग स्टुडिओला ते हक्क विकताना नायिका मीच आणि दिग्दर्शक माझ्या पसंतीचा, अशा अटी तिने घातल्या. १९४०मध्ये सिनेमा आला आणि "विष" म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. हेलनकडे ना हॉवर्ड ह्यूजेस होता, ना हक्क. तिच्याकडे एक पँट आणि एक "नाही" होतं. तरी तिने ते तीन वेळा म्हटलं.

मासिकातला फोटो हिंमत देतो, हे खरं. पण ती हिंमत वापरून किंमत मोजणारी बाई बहुतेक वेळा फोटोत नसते.

युद्धाने काय केलं

मग १९४१च्या डिसेंबरमध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. पुरुष आघाडीवर गेले, आणि विमानं, जहाजं, दारूगोळा बनवायला कारखान्यांत लाखो बायका आल्या. फिरत्या यंत्राजवळ घोळदार स्कर्ट म्हणजे मरणाला आमंत्रण. कालपर्यंत जी पँट असभ्य होती, ती आज सुरक्षेचा नियम झाली.

त्या काळातलं एक उदाहरण तर नटीच्या प्रभावाचा पुरावाच आहे. वेरोनिका लेक या अभिनेत्रीचे लांब केस एका डोळ्यावर यायचे आणि मुलींनी त्याची सर्रास नक्कल केली होती. कारखान्यात तसे मोकळे केस यंत्रात अडकायचा धोका. शेवटी सरकारच्या विनंतीवरून तिने केस वर बांधून दाखवले, त्याचं चित्रीकरणही झालं. एका नटीचे केस हा युद्धकाळात सरकारी विषय झाला होता!

कॅथरीनच्या पँटला समाजाने मान्यता दिली ती तिची मुलाखत वाचून नाही, तर गरज पडली म्हणून. मात्र गरज पडली तेव्हा बायकांच्या डोळ्यांसमोर एक चित्र आधीपासून तयार होतं. पँट घालूनही बाई ऐटबाज दिसू शकते, हे दहा वर्षं कुणीतरी दाखवून ठेवलं होतं.

आणि परत मागे

युद्ध संपलं. पुरुष परतले, कारखान्यातल्या बायकांना "आता घरी जा" असं सांगण्यात आलं. १९४७च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये क्रिस्तियाँ दिओरने नवा लुक आणला. चिंचोळी कंबर, मीटरच्या मीटर कापडाचा घेरदार स्कर्ट. फॅशन पुढेच जाते असं नाही, ती मागेही जाते.

सिनेमातही तेच. १९४२चा 'वुमन ऑफ द इयर' आठवा. कॅथरीन त्यात नामवंत राजकीय पत्रकार आहे. पण चाचणी प्रदर्शनानंतर शेवट बदलण्यात आला आणि नव्या शेवटात ही हुशार बाई स्वयंपाकघरात नाश्ता बनवताना सगळा गोंधळ घालते. प्रेक्षक हसले. यशस्वी बाईला शेवटी गॅससमोर नेऊन जरा जमिनीवर आणायचं, ही सवय जुनी आहे.

पण कॅथरीन? तिची पँट तशीच. फॅशन आली, गेली, ती उंच कंबर आणि रुंद पाय काही सुटले नाहीत. लंडनच्या एका नामांकित हॉटेलात पँटवाल्या बाईला पुढच्या दाराने प्रवेश नव्हता, तर ती नोकरांच्या दाराने ये-जा करायची, असं सांगतात. स्कर्ट घालण्यापेक्षा मागचं दार बरं!

१९६६मध्ये इव्ह सँ लोराँने बायकांसाठी 'ल स्मोकिंग' हा टक्सिडो आणला आणि पँट उंची फॅशनमध्ये गेली. १९७४मध्ये कॅथरीन आयुष्यात एकदाच ऑस्कर सोहळ्याला प्रत्यक्ष हजर राहिली, स्वतःसाठी नाही, दुसऱ्याला सन्मान द्यायला. अर्थात पँट घालून. १९८१मध्ये बार्बरा वॉल्टर्सने मुलाखतीत विचारलं, तुमच्याकडे एखादा तरी स्कर्ट आहे का? तिने सांगितलं, एक आहे, तुमच्या अंत्यविधीला घालीन! पुढे १९८५चा अमेरिकेच्या फॅशन डिझायनरांच्या संघटनेचा जीवनगौरव तिला मिळाला. पन्नास वर्षं एकसारखीच पँट घालणाऱ्या बाईला!

कायदा सगळ्यात शेवटी येतो

मंडळी, आता शेवटच्या दोन तारखा.

अमेरिकेच्या सिनेटमध्ये, म्हणजे देशाचे कायदे करणाऱ्या सभागृहात, बायकांनी पँट घालून यायचं नाही हा संकेत मोडला १९९३मध्ये. बार्बरा मिकुल्स्की आणि कॅरोल मोझली ब्राउन या सदस्यांनी सरळ पँट घालून प्रवेश केला, तेव्हा. आणि पॅरिसचा तो १८००चा आदेश? तो आता लागू नाही असं फ्रान्सच्या मंत्र्यांनी अधिकृतपणे जाहीर केलं २०१३च्या जानेवारीत. कॅथरीन २००३मध्ये ९६व्या वर्षी गेली. म्हणजे तिच्या मृत्यूनंतरही दहा वर्षं तो कागद तसाच पडून होता.

हे सांगते कारण आपल्याला वाटतं की आधी कायदा बदलतो आणि मग लोक बदलतात. इथे क्रम उलटा आहे. आधी खाणीतल्या बायकांनी गरज म्हणून घातली. मग पडद्यावरच्या बायकांनी ऐट म्हणून. मग एका शिक्षिकेने हक्क म्हणून. मग युद्धाने सक्ती म्हणून. आणि सगळं होऊन गेल्यावर कायद्याने खाकरून सांगितलं की हो, चालेल.

म्हणून "हॉलिवूडच्या नटीने फॅशन बदलली" हे वाक्य मला अपुरं वाटतं. एकटी नटी काही बदलत नाही. पण ती एक काम करू शकते. जे लपूनछपून चालतं ते उघड्यावर आणते, आणि रोज, कंटाळा न करता आणत राहते, इतकं की बघणाऱ्याला त्यात काही वेगळं वाटेनासं होतं. आज पँट घालताना आपल्याला काहीच वाटत नाही ना? तोच तिचा प्रभाव.

आणि हेलन ह्यूलिकचं पुढे काय झालं? लग्नानंतर हेलन बीबी या नावाने तिने बहिऱ्या मुलांना शिकवायचं काम केलं. उरलेल्या थोड्याशा श्रवणशक्तीचा वापर करून मुलांनी ऐकायला आणि बोलायला शिकावं, या पद्धतीच्या आद्य शिक्षकांमध्ये तिचं नाव घेतात. ज्या बाईचं न्यायाधीशाने ऐकून घेतलं नाही, तिने आयुष्यभर मुलांना ऐकायला शिकवलं. पँटची बातमी हा तिच्या आयुष्याचा एक छोटा तुकडा होता. आणि तसंच असायला हवं, नाही का? कपडे घालायचे आणि कामाला लागायचं.

जाता जाता तुमच्यासाठी एक काम. आज घरी आईला, आजीला, आत्याला, मावशीला विचारा: साडी सोडून पहिल्यांदा दुसरं काही घातलं ते कधी? पंजाबी ड्रेस असेल, पँट असेल, लग्नानंतरचा गाऊन असेल. पहिल्यांदा कुणी परवानगी दिली, कुणी तोंड वाकडं केलं, आणि त्या काय म्हणाल्या? जे उत्तर येईल ते त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. आमच्याकडे पाठवलंत तर आनंद होईल, नाही पाठवलंत तरी तुमच्या घरात राहील. असा इतिहास पुस्तकात सापडत नाही, आणि विचारल्याशिवाय कुणी सांगतही नाही.

भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि ऐकत राहा.